मोटारीतले बिनतारी यंत्र मुके का होते?

प्रथम एक कोडे घालतो. एका मोटारीत बिनतारी संदेशयंत्र बसवलेले आहे. मोटार घाटातल्या एका वळणावर कडेला उभी आहे आणि तिचे इंजिन बंद आहे. यंत्रातून दूरच्या केंद्राचे बोलणे अगदी स्वच्छ ऐकू येते. चालक मायक्रोफोन हातात घेतो, त्यावरची कळ दाबतो, आणि कळ दाबताक्षणीच यंत्रावरचा दिवा विझतो. कळ सोडली की दिवा पुन्हा लागतो आणि बोलणे पुन्हा ऐकू येऊ लागते. पुन्हा कळ दाबावी तर पुन्हा तेच. चालक मल्टीमीटर काढून यंत्राच्या तारांच्या टोकांशी दाब मोजतो. तो भरतो १२.५ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत! बरे, इंजिन सुरू केले की तेच यंत्र निमूटपणे बोलू लागते. मग दोष कोठे आहे?

बिनतारी यंत्राच्या दुकानात विचाराल तर कोणी म्हणेल यंत्र बिघडले, कोणी म्हणेल बॅटरी बदला. दोन्ही उत्तरे चूक आहेत. खरे उत्तर तुमच्या शास्त्राच्या पुस्तकातल्या एका ओळीत आहे. ते शोधण्यापूर्वी या कोड्याला महत्त्व का द्यायचे, ते पाहू या.

पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचे धरणही फोडले आणि मुठेचे पाणी शहराच्या पेठांत शिरले. मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर शहरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते. दुसरी तारीख ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीला भूकंप झाला. संपर्काच्या कामासाठी जे लोक तिकडे धावले त्यांत हौशी बिनतारी चालकही होते. तिसरी तारीख अलीकडची, ३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर सकाळी डोंगराचा कडा कोसळला. गाव जागेवर नाही, हे लक्षात येऊन ती बातमी बाहेर गेली ती त्या रस्त्याने येणाऱ्या एस.टी. बसच्या चालकामुळे.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल फोन आहे, मग बिनतारी यंत्र हवेच कशाला, असे तुम्ही विचाराल. मोबाइल फोनचे बोलणे थेट दुसऱ्या फोनकडे जात नाही. ते जवळच्या मनोऱ्याकडे जाते आणि तेथून पुढे निघते. मनोऱ्याची वीज गेली, त्याच्या बॅटऱ्या संपल्या किंवा त्याला जोडणारी तार तुटली की हजारो फोन एकदम गप्प होतात. दोन मोटारींतल्या दोन बिनतारी यंत्रांना मात्र मध्ये कोणीच लागत नाही. लागतात फक्त दोन बॅटऱ्या. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद या हौशी चालक पोर्ट ब्लेअरला होत्या. तिकडचा नेहमीचा संपर्क तुटला असताना त्यांच्या यंत्राने बेटांवरच्या लोकांची खबर मुख्य भूमीवर पोचवली.

बिनतारी आणि पुणे यांचे नाते जुने आहे. १९२७ साली पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडकडे थेट बिनतारी संदेश जाऊ लागले. तिकडून येणारे संदेश घेण्याचे केंद्र दौंडला होते. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालयही पुण्यातच, पाषाण रस्त्याला आहे. याशिवाय शहरात हौशी बिनतारी चालक आहेत. त्यांना सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. ही परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांना ती खुली आहे. परवान्याविना यंत्रावरून बोलणे मात्र गुन्हा आहे, हे आताच सांगून ठेवतो.

ऐकणे स्वस्त, बोलणे महाग

आता यंत्राकडे वळू. मोटारीत बसवतात ते मध्यम शक्तीचे यंत्र बोलताना ५० वॅट शक्तीच्या लहरी आकाशात सोडते. ऐकताना त्याला फक्त आलेली क्षीण लहर मोठी करून ध्वनिक्षेपकाला द्यायची असते. त्यासाठी साधारण अर्धा अँपिअर धारा पुरते. बोलताना त्याच यंत्राला सुमारे १० अँपिअर लागतात. म्हणजे कळ दाबली की धारा एकदम वीसपट होते! १३.८ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १३८ वॅट. त्यातले ५० वॅट आकाशात जातात आणि बाकीच्यांची उष्णता होते, म्हणून यंत्राच्या पाठीला धातूच्या पट्ट्यांची ती मोठी पन्हाळी असते. दूरच्या पल्ल्याच्या, १०० वॅटच्या यंत्राला तर २० अँपिअर लागतात.

यंत्र बनवणारे लोक त्यावर एक आकडा लिहितात: १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त. तुम्ही हिशेब केलात तर खालची मर्यादा ११.७ व्होल्ट येते. १३.८ हा विचित्र आकडा कोठून आला? मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेला घट सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना त्याने फिरवलेले जनित्र, ज्याला गॅरेजवाले अल्टरनेटर म्हणतात, बॅटरीत धारा ढकलते. त्यासाठी त्याला बॅटरीपेक्षा जास्त दाब द्यावा लागतो, साधारण १३.८ ते १४.४. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने इंजिन चालू आहे असे धरूनच आकडा लिहिला आहे. इंजिन बंद केले की आपण सुरुवातीलाच सव्वा व्होल्ट गमावलेला असतो. आता खालच्या मर्यादेपर्यंत हातात उरला जेमतेम ०.९ व्होल्ट. आपला सगळा खेळ या ०.९ व्होल्टात आहे.

हा ०.९ व्होल्ट कोण खाते, ते सांगणारा नियम जॉर्ज ओहम या जर्मन शाळामास्तराने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. त्या वेळी त्याच्या देशातल्या पंडितांनी त्याची फारशी कदर केली नाही. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिले ते १८४१ मध्ये. नियम तुम्हाला पाठ आहे: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. पाठ असलेल्या नियमाचा एक तोटा असतो. आपण तो फक्त प्रश्नपत्रिकेतल्या रोधाला लावतो आणि तारेला विसरतो. पुस्तकातल्या आकृतीत तार ही नुसती रेघ असते आणि तिचा रोध शून्य मानलेला असतो. मोटारीतली तार मात्र तांब्याची असते, तांब्याला रोध असतो, आणि १० अँपिअर धारा हा रोध क्षणभरही विसरत नाही.

तांब्याच्या तारेसाठी सोपे सूत्र लक्षात ठेवा. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध ०.०१७ ओहम. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, छेद दुप्पट तर रोध निम्मा.

आता कोड्यातली मोटार घ्या. तिच्या चालकाने यंत्र जोडले होते समोरच्या फळीवरच्या त्या गोल खोबणीत, जिच्यात आपण मोबाइल फोन भारित करायला लावतो. पूर्वी ती सिगारेट पेटवण्यासाठी असे. सोय मोठी छान. खोचले की झाले. पण त्या खोबणीमागची तार बारीक असते. ती फ्यूजच्या पेटीतून, किल्लीच्या स्विचमधून, वळणे घेत येते. जाण्यायेण्याची मिळून तारेची लांबी ८ मीटर आणि छेद १ चौरस मिलिमीटर धरू. तारेचा रोध झाला सुमारे ०.१४ ओहम. खोबणीतली स्प्रिंग, फ्यूजची बैठक, स्विच यांच्या सांध्यांचा रोध ०.०४ ओहम. एकूण ०.१८. ऐकताना अर्धा अँपिअर, म्हणून घट ०.०९ व्होल्ट. यंत्राला कळतही नाही. बोलताना १० अँपिअर, म्हणून घट १.८ व्होल्ट!

यात बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोधही धरायला हवा. चांगल्या बॅटरीचा तो ०.०१५ ओहम मानला तर १० अँपिअरला ०.१५ व्होल्ट आतच खर्च होतो. म्हणजे १२.६ वजा ०.१५ वजा १.८. यंत्राच्या वाट्याला उरले सुमारे १०.६ व्होल्ट. मर्यादा होती ११.७. यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. बंद पडले की धारा थांबते, धारा थांबली की घट नाहीशी होते, आणि तारेच्या टोकाशी पुन्हा १२.५ व्होल्ट हजर! चालक मल्टीमीटर लावतो तेव्हा त्याला हेच दिसते. चोर पळून गेल्यावर दार उघडून पाहण्यासारखे ते आहे. दाब मोजायचा तो कळ दाबलेली असताना, यंत्राच्या अगदी टोकांशी. गंमत अशी की खोबणीचा फ्यूजही कधी वितळत नाही, कारण तो असतो १५ अँपिअरचा आणि धारा आहे १०. इंजिन सुरू केले की बॅटरीच्या टोकांशी १४ व्होल्ट येतात; त्यातून १.८ गेले तरी १२.२ उरतात आणि यंत्र बोलते. कोडे सुटले.

थेट बॅटरीकडे

उपाय एकच. यंत्रासाठी स्वतंत्र, जाड तार थेट बॅटरीपासून आणायची. पुण्यात तापकीर गल्लीत गेलात तर दुकानदार ‘चारची’, ‘सहाची’ असे आकडे सांगतो. ते छेदाचे चौरस मिलिमीटर असतात. मोटारीसाठी अनेक बारीक धाग्यांची लवचीक तार घ्यावी. घरच्या भिंतीतली एकसंध तार कंपनांनी तुटते.

सहाची तार, जाण्यायेण्याची लांबी तीच ८ मीटर. तारेचा रोध ०.०२३ ओहम, फ्यूज व सांध्यांचा मिळून ०.०१२ धरू. एकूण ०.०३५. दहा अँपिअरला घट झाली ०.३५ व्होल्ट. इंजिन बंद असतानाही यंत्राला १२.१ व्होल्ट मिळतात. पण २० अँपिअरचे मोठे यंत्र लावून हाच हिशेब पुन्हा करा. बॅटरीच्या आत ०.३ गेले, तारेत ०.७ गेले, उरले ११.६. एका दशांशाने नापास! म्हणून मोठ्या यंत्राला दहाची तार घालतात, मग ११.८ च्या आसपास उरतात. किंवा दुसरी युक्ती करतात. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांचा दर्शनी भाग सुटा होतो. तो चालकासमोर बसवायचा आणि धारा खाणारा अवजड भाग बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवायचा. दोघांमधल्या तारेतून फक्त हुकूम जातात, त्यांना बारीक तार चालते. मला ही युक्ती जाड तारेपेक्षा अधिक आवडते, कारण ती रोधाच्या मुळावरच, म्हणजे लांबीवर, घाव घालते.

सांध्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तार चांगली घेऊनही माणसे येथे फसतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट थर साचलेला तुम्ही पाहिला असेल. अशा एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०५ ओहम झाला तर २० अँपिअरला तो एकटाच १ व्होल्ट खातो आणि वर २० वॅट उष्णता निर्माण करतो. म्हणजे एका चिमुकल्या सांध्यात सोल्डर करायची डाग ठेवल्यासारखेच की! बोलणे संपल्यावर लगेच सांध्यांना बोटाच्या पाठीने हळूच स्पर्श करून पाहावा. जो गरम लागतो तो दोषी. हा मुळीच न लाजता वापरण्याजोगा उपाय आहे, मल्टीमीटर जवळ असला तरी.

कमी दाबावर यंत्र बंदच पडते असे नाही. काही यंत्रे चालत राहतात, पण आवाज घोगरा आणि तुटक होतो. समोरच्याला वाटते लहर क्षीण आहे, आणि इकडचा माणूस आकाशतार बदलत बसतो.

फ्यूज यंत्रासाठी नव्हे, तारेसाठी

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. वितळतार, म्हणजे आपला नेहमीचा फ्यूज, कोठे बसवायचा? बहुतेक जण सांगतील, यंत्राजवळ. तो तेथे असेलही, पण त्याची खरी जागा बॅटरीजवळ आहे, टोकापासून वीतभर अंतरात.

कारण पाहा. जाड तार इंजिनाच्या कप्प्यातून आत येते ती पत्र्याच्या एका भोकातून. मोटार हजारो किलोमीटर हादरते आणि पत्र्याची धार तारेचे आवरण कुरतडते. एके दिवशी तांबे पत्र्याला टेकते. पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणजे मंडल पुरे झाले, आणि त्यात यंत्र नाहीच. समजा, हे भोक बॅटरीपासून १ मीटरवर आहे. एक मीटर सहाच्या तारेचा रोध ०.००२८, बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१५, टेकलेल्या जागेचा ०.००५. सगळा मिळून ०.०२३ ओहम. धारा किती? १२.६ भागिले ०.०२३, म्हणजे सुमारे ५५० अँपिअर! त्या एका मीटर तारेत धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेआठशे वॅट उष्णता सुटते. जवळजवळ घरच्या इस्त्रीइतकी. इस्त्रीचा तळ जाडजूड असतो. येथे मात्र तांबे आहे अवघे ५३ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता धरून हिशेब केला तर तारेचे तापमान दर सेकंदाला सुमारे ४० अंशांनी वाढते. तीन-चार सेकंदांत आवरण वितळू लागते, मग जळते, आणि जवळच पेट्रोलची नळी असते. यंत्राजवळच्या फ्यूजला यातले काहीच कळत नाही, कारण ही धारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बॅटरीजवळचा १५ अँपिअरचा फ्यूज मात्र निमिषात वितळतो.

म्हणून तार भोकातून आणताना रबराची कडी घालावी, आणि सर्व जोडणी पूर्ण होईपर्यंत फ्यूज हातात ठेवावा. हे काम शिक्षकांच्या किंवा जाणत्या गॅरेजवाल्याच्या देखरेखीखालीच करायचे. बॅटरीजवळ हातातले धातूचे कडे आणि घड्याळ काढून ठेवावे.

ऋण तारेचे काय? जुन्या पद्धतीत तीही थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेत आणि तिच्यातही फ्यूज घालत. परत येणाऱ्या तारेत फ्यूज कशाला? मोटार सुरू करताना आरंभक मोटर १५०-२०० अँपिअर घेते. ही धारा इंजिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्यातून परत येते. तो पट्टा गंजून तुटला, तर एवढी धारा दुसरी वाट शोधते: आकाशतारेच्या केबलचे आवरण, यंत्राचा सांगाडा आणि तुमची ऋण तार! आजच्या बऱ्याच मोटारींत बॅटरीच्या ऋण टोकावर धारा मोजणारा संवेदक असतो. यंत्राची धारा त्याला वगळून गेली तर त्याचा हिशेब चुकतो. अशा मोटारीत ऋण तार, बॅटरीचा ऋण पट्टा सांगाड्याला जेथे बोल्टने जोडलेला असतो तेथेच जोडतात. मोटारीबरोबरच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

जुन्या काळी हे काम आणखी अवघड होते. १९३३ साली अमेरिकेत बेयॉन या गावच्या पोलिसांनी मोटारीतून दोन्ही बाजूंनी बोलता येणारी यंत्रे वापरली, तेव्हा ट्रान्झिस्टर जन्मालाही आला नव्हता. यंत्रात काचेच्या निर्वात नळ्या असत आणि त्यांना दोनतीनशे व्होल्ट लागत. बॅटरीची दिष्ट धारा रोहित्रातून वाढत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून एक पोलादी पात दर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरवून तिच्याकडून धारा तोडत आणि जोडत. अशी तुटक धारा रोहित्राला चालते. त्या पातीची सतत गुणगुण ऐकू येई. मोठ्या यंत्रांत बॅटरीवर चालणारी एक मोटर त्याच दांड्यावर उच्च दाबाचे जनित्र फिरवी. आज १२ व्होल्टवर थेट चालणारे ट्रान्झिस्टर आहेत, म्हणून सगळे सोपे वाटते. गुणगुण मात्र पुरती गेलेली नाही. मोटारीतल्या यंत्रातून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शीळ कधी कधी ऐकू येते. ती जनित्राची. थेट बॅटरीला जोडले की ती बहुधा कमी होते, कारण बॅटरी चढउतार पिऊन टाकते.

मोठ्या बसगाड्या आणि मालमोटारी यांत बहुधा २४ व्होल्ट असतात, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. त्यांतल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. ती एक बॅटरी रोज थोडी रिकामी होते, तर भारित करताना दोघींतून धारा सारखीच जाते. परिणामी एक उपाशी राहते आणि दुसरी अतिभारित होऊन मरते. तेथे २४ चे १२ करणारा परिवर्तक लावतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींत यंत्रासाठी त्यांची लहान १२ व्होल्टची बॅटरीच वापरायची. नारिंगी आवरणाच्या तारांत शेकडो व्होल्ट असतात, त्यांना हात लावायचा नाही.

आणि बॅटरी किती वेळ पुरेल? लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरू. १०० वॅटचे मोठे यंत्र ऐकताना १ अँपिअर, बोलताना २० अँपिअर घेते. दहापैकी नऊ मिनिटे ऐकले आणि एक मिनिट बोललो, तर सरासरी ०.९ अधिक २, म्हणजे २.९ अँपिअर. भागाकार बारा तास दाखवतो. पण त्यावर विसंबू नका! पूर्ण रिकामी केलेली बॅटरी इंजिन सुरू करू शकत नाही, आणि मोटारीची बॅटरी वारंवार खोलवर रिकामी केली की लवकर निकामी होते. एक तृतीयांशच वापरायची असे ठरवले तर हातात येतात सुमारे चार तास. पावसाळ्याच्या रात्री ताम्हिणी घाटात उभे राहायचे असेल तर मधून मधून इंजिन चालवावे लागेल. अनुभवी चालक थोडे बोलतात आणि बरेच ऐकतात, त्यात शिष्टाचाराइतकाच हा हिशेबही असतो.

शाळेत करून पाहा

बिनतारी यंत्र नसले तरी हा धडा शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येतो. १२ व्होल्टची भारित बॅटरी, नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा पुढच्या दिव्याचा ६० वॅटचा बल्ब, १० अँपिअरचा फ्यूज आणि मल्टीमीटर एवढे पुरे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशी जोडा. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची ५ मीटर बारीक जोडतार घ्या आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बल्ब लावा. जाण्यायेण्याची लांबी १० मीटर, म्हणजे रोध ०.३४ ओहम. धारा साधारण साडेचार अँपिअर होईल. बॅटरीच्या टोकांशी १२.४ व्होल्ट भरत असतील तेव्हा बल्बाच्या टोकांशी ११ व्होल्टसुद्धा भरणार नाहीत, आणि प्रकाश पिवळसर दिसेल. आता बल्बाची एक तार सोडवा आणि त्याच जागी पुन्हा दाब मोजा. पूर्ण व्होल्ट! नंतर चारची तार लावून सगळे पुन्हा करा. बल्ब तापतो, त्याची काच हाताळू नका, आणि बॅटरीची टोके एकमेकांना कधीही टेकवू नका. विद्यार्थ्यांनी आकडे आधी कागदावर काढावे आणि मग मोजावे, असे शिक्षकांनी सांगितले तर प्रयोगाला खरी रंगत येते.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. एका जीपमध्ये २० अँपिअरचे यंत्र पाठीमागे बसवले आहे. बॅटरीपासून यंत्रापर्यंत तार ५ मीटर, म्हणजे जाण्यायेण्याची १० मीटर, छेद १६ चौरस मिलिमीटर. फ्यूज व सांध्यांचा मिळून रोध ०.०१२ ओहम, बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१५ ओहम. दिवसभराच्या वापराने बॅटरीचा विश्रांतीतला दाब १२.४ व्होल्टवर आला आहे. इंजिन बंद आहे. यंत्राला ११.७ व्होल्ट हवेत. ते बोलेल का? आणि चालकाने खाली उतरून सर्व सांधे कानशीने घासून घट्ट केले, व त्यांचा रोध निम्मा झाला, तर?